निवृत्त, बाद

मंगळवार, ११ फेब्रुवारी

धाकट्या,

रविवार, ९ फेब्रुवारी, दुपारी तीन वाजून बेचाळीस मिनिटं. ही वेळ गुणफलकावरच्या घड्याळाची. ते दोन मिनिटं पुढे आहे, हा मुद्दा तू काढण्याआधी मीच काढून ठेवते.

चौथा गडी बाद झाला होता. तुझा मुलगा पॅड बांधून तंबूतून निघाला. माइकवाला जेवायला गेला होता आणि माइक तुझ्या हातात होता. तू म्हणालास, "आणि आता मैदानात येतोय आपल्या क्लबचा छक्का." मग जरा थांबलास. मग म्हणालास, "दोन्ही अर्थांनी!"

तंबू हसला. पलीकडचा तंबूही हसला. तुझ्या खेळाडूंनी टाळ्यांचा ठेका धरला, छक्का, छक्का. तुझा मुलगा खेळपट्टीपर्यंत गेला. दोन चेंडू खेळला, दोन्ही बॅटच्या मधोमध, दोन्ही परत गोलंदाजाकडे. मग त्याने बॅट काखेत घेतली, हातमोजे काढले आणि चालू लागला. तंबूकडे नाही, फाटकाकडे. पंचांनी विचारलं, काही लागलं का? त्याने नाही म्हणून मान हलवली आणि चालत राहिला. माइक बंद करायला तू विसरला होतास, त्यामुळे "ताई, बाद लिही त्याला, पोरखेळ लावलाय नुसता" हे सगळ्या मैदानाने ऐकलं.

मी लिहिलं. निवृत्त, बाद. दुखापत नसताना फलंदाज निघून गेला तर तसंच लिहायचं असतं, नियमाने त्यात काही चूक नाही. वजनमापे खात्यात मी एकतीस वर्षं निरीक्षक होते, तुझ्या क्लबची गुणवही अकरा वर्षं लिहिली. कुणी ओरडून सांगितलं म्हणून लिहिलेली ही पहिली नोंद.

या पत्रात आशीर्वाद नाहीत. ते चुकून राहून गेलेले नाहीत.

तुझा मुलगा माझ्याकडे आहे. तेवीस वर्षांचा आहे, त्यामुळे मी पळवून आणला असं तुला म्हणता येणार नाही. आतल्या खोलीत असतो. जेवायला हाक मारली की येतो, ताट धुऊन ठेवतो, परत जातो. किटबॅग दाराआड पडली आहे. काल झाडताना मी ती जरा सरकवली तर म्हणाला, "राहू दे आत्या, तिथेच बरी आहे."

आता कामाचं. पुलापलीकडचा क्लब त्याला घ्यायला तयार आहे. त्यांच्या प्रशिक्षक बाईंनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, "आमच्याकडे असला शब्द तोंडातून गेला की एक सामना बाहेर बसवतो. सुरुवातीला अर्धा संघ बाहेर बसला होता. आता कुणी बसत नाही." त्याला तिकडे खेळायचं तर तुझ्या सहीचं ना-हरकत पत्र लागतं. नोंदणी शुक्रवार, २१ मार्चला संध्याकाळी पाच वाजता बंद होते. ती हुकली तर वर्ष गेलं, आणि त्याच्याकडे बघून मला वाटतं की नुसतं वर्ष नाही, खेळच गेला. तेव्हा पत्र पाठव, आणि कारणाच्या रकान्यात खरं कारण लिही.

मला राग आलेला नाही. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ असतो पण आपला नसतो, तसं दोन दिवस सगळं आहे. राग आला की कळवीन.

फोन करू नकोस. फोनवर तू हसतोस.

ताई


गुरुवार, २० फेब्रुवारी

धाकट्या,

मी चार पानं लिहिली, तू मोबाइलवर दोन ओळी पाठवल्यास. 'ताई, राईचा पर्वत करू नकोस. सिक्स मारतो म्हणून छक्का आणि सहाव्या नंबरवर येतो म्हणून छक्का. झाले की नाही दोन अर्थ?' पुढे एक पिवळा हसरा चेहरा.

कारण चांगलं आहे. किती चांगलं आहे ते मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते कसं, ते आज लिहीत नाही.

माझ्या हद्दीत एक वाणी होता. तराजूच्या पारड्याखाली मेणाची गोळी चिकटवायचा. पकडला तेव्हा म्हणाला, "मॅडम, लाइट गेली होती, मेणबत्ती गळली असेल." मी त्याला म्हटलं, गळलेलं मेण पसरतं, त्याची गोळी होत नाही. तू 'छक्का' म्हणालास आणि थांबलास, धाकट्या. सहज तोंडातून गेलेल्या शब्दानंतर माणूस असा थांबत नाही. तो लोक हसायची वाट बघत असतो.

मंगळवारी तुझा कप्तान आला. दारात उभा, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर.

"आत्या, गुणवही हवी होती. सरांनी सांगितलंय."

"बस. आधी एका शब्दाचा अर्थ सांग. छक्का म्हणजे काय?"

"सिक्स, आत्या."

"आणि?"

"आणि काही नाही. पोरं बोलतात असंच."

"तुला म्हणतात?"

"मला कशाला म्हणतील?" म्हणाला, आणि स्वतःचंच वाक्य कानावर पडल्यावर लाल झाला. मग खाली बसला. "मी नाही सुरू केलं, आत्या, आईशप्पथ. कुणी झेल सोडला, कुणी चेंडू लागल्यावर कळवळला, की म्हणायचे. सगळ्यांनाच. मग नुसतं त्यालाच म्हणायला लागले. दीडेक वर्ष झालं."

"आणि तू कप्तान."

"तो पण हसायचा हो!"

"दुसरं काय करायचं होतं त्याने?"

मग त्याने खऱ्या काळजीने विचारलं, "मग सिक्सला काय म्हणायचं आम्ही?"

"षटकार म्हणा. जीभ झिजत नाही. फारच जड जात असेल तर सहा म्हणा."

वही मी दिली नाही. ना-हरकत पत्र आल्यावर मिळेल. याला तू अडवणूक म्हण, खात्यात आम्ही जप्ती म्हणायचो. जाताना कप्तान आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघून मोठ्याने म्हणाला, "येतो रे." आत रेडिओ चालू होता, तो बंद झाला.

आज, तिसऱ्या दिवशी, तुझ्या मुलाने मला विचारलं, "तो काय म्हणाला?" मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सहा चांगलं आहे." आणि झोपायला गेला. दुपारचे बारा वाजले होते.

ताई


मंगळवार, ४ मार्च

धाकट्या,

उत्तर नाही. पिवळा चेहराही नाही.

रविवारी सकाळी तुझी बायको आली होती. तुला काय सांगून आली ते मी विचारलं नाही. त्याचे पांढरे कपडे धुऊन, इस्त्री करून आणले होते. वर यायला तयार नव्हती, जिन्यातच बसली. मीही तिच्या शेजारी बसले. माझे गुडघे तुला माहीत आहेत.

"वन्सं, जेवतो का?"

"जेवतो."

"पोटभर?"

"वजन करून बघितलं नाही. ती नोकरी सुटली."

ती हसली नाही. इस्त्रीच्या घडीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "वन्सं, तुम्हाला माहीत होतं? तो असा आहे ते?"

"असा म्हणजे कसा? समलिंगी? शब्द आहे त्याला. उच्चारला तर दात पडत नाहीत." मी हे फार सहज म्हटलं. खरं सांगायचं तर आदल्या आठवड्यात मोरीचं दार लावून चार वेळा म्हणून बघितलं होतं.

ती म्हणाली, "मला दोन वर्षांपासून वाटत होतं. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. म्हणून तर विचारलं नाही."

मी तिला बोलणार होते. माझी जीभ तुला माहीत आहे, ती तयारच असते. पण बोलले नाही, कारण मग मला स्वतःलाही बोलावं लागलं असतं. ते आता इथे लिहिते, म्हणजे तुझ्याकडे माझ्याविरुद्धही काहीतरी लेखी राहील.

त्या शब्दाचा दुसरा अर्थ मला ठाऊक नव्हता. हस. पासष्ट वर्षांची बाई, अर्धं आयुष्य बाजारपेठेत गेलं. पण दुकानदार माझ्यासमोर दात काढून 'मॅडम, मॅडम' करायचे, शिव्या मी जिना उतरल्यावर द्यायचे. आणि शाळेत सिस्टरांनी 'गाढव' म्हटल्याबद्दलही गुडघ्यांवर बसवलं होतं. इतक्या वर्षांत तो शब्द माझ्या कानांवरून गेला नसेल असं नाही. मला दर वेळी सहा धावाच ऐकू आल्या.

दीड वर्षापूर्वी तुझी पोरं त्याला तसं म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं, कौतुक चाललंय. ऊर भरून आला. तो शब्द मी उचलून घरी आणला. तो यायचा तेव्हा दार उघडताना म्हणायचे, "आला का माझा छक्का!" शेजारणीला सांगायचे, आमच्या भाच्याला सगळे छक्का म्हणतात. ती माझ्याकडे कशी बघायची ते आता आठवतं. तेव्हा मला ती मत्सरी वाटायची.

त्याच्या वाढदिवसाला मी केकवर तेच लिहून घेतलं. बेकरीतल्या माणसाने दोनदा विचारलं, "मॅडम, नक्की हेच लिहायचं?" मी म्हटलं, "शुद्धलेखन येत नसेल तर कागदावर लिहून देते." दिलंही. माझ्या अक्षरात, जोडाक्षर ठसठशीत. तुझ्या मुलाने तो केक कापला, धन्यवाद आत्या म्हणाला आणि पहिला तुकडा मला भरवला.

त्या रविवारी तू 'दोन्ही अर्थांनी' म्हणालास तेव्हा मी लगेच जुळवलं, षटकार मारतो आणि सहाव्या क्रमांकावर येतो. मला विनोद फार हुशारीचा वाटला. तंबूत सगळ्यांत मोठ्याने मी हसले. तुझं कारण तू सांगायच्या आधी मला पाठ होतं ते असं. ते माझंच होतं.

साडेपाचला तो माझ्या दारात आला. मी दार उघडलं आणि त्याचा चेहरा दिसायच्या आधी तोंडातून सवयीने निघालं, "आला का माझा—" तो म्हणाला, "आत्या, तू तरी नको."

मग आत येऊन खुर्चीवर बसला, बूटही न काढता, आणि त्याने मला अर्थ सांगितला. शांतपणे, एखाद्या लहान मुलीला सांगावं तसा. ही शिवी आधी कुठल्या माणसांना देतात, त्यांचं जगणं त्या एका शब्दात कसं कोंबतात, आणि मग तीच उचलून त्याच्यासारख्याला का मारतात. मी विचारलं, "दीड वर्ष मी म्हणत होते, सांगितलं का नाहीस?" म्हणाला, "तुला माहीत नाही हे मला माहीत होतं. तेवढी एकच जागा होती जिथे त्याचा अर्थ सिक्स होता."

मी माफी मागितली. तो बरं म्हणाला. मला रडू यायला हवं होतं. मी ओटा पुसला. तो आधीच पुसलेला होता.

म्हणून तुला विचारते, आणि खवचटपणे नाही विचारत. तुलाही माहीत नव्हतं का? तो शब्द तू हजारदा वापरला असशील, पण त्याच्याबद्दल, तुझ्या मुलाबद्दल माहीत नव्हतं का? नसेल तर तसं लिही. मी मान्य करीन. मग आपण दोघं एकाच बाकावरचे. तू बोललास आणि मी हसले. कोण जास्त, ते मी मोजणार नाही.

ताई


शनिवार, १५ मार्च

धाकट्या,

गुरुवारी तुझं ना-हरकत पत्र मिळालं. मैदानाच्या माळ्याबरोबर पाठवलंस. सही तुझीच आहे, शिक्का सरळ आहे. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक'. माझ्या प्रश्नाला मात्र उत्तर नाही. वही माळ्याकडे दिली, कारण शब्द म्हणजे शब्द.

काल कप्तान पुन्हा आला. आता तो दारात उभा राहत नाही, सरळ आत येऊन पाणी मागतो. म्हणाला, "आत्या, मागच्या सामन्यात मी एक चेंडू कुंपणापार मारला आणि आपला अख्खा तंबू गप्प. कुणाला कळेना काय ओरडायचं. मग कुणीतरी हळूच म्हणालं, सहा! म्हणजे लिलावात बोली लावतात ना, तसं."

मी हसले. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. आतल्या खोलीचं दार दोन बोटं उघडं होतं.

पुढचं तुला माहीत आहे, तू तिथे होतास, पण माझ्या कानांवर कसं आलं ते लिहिते. समोरच्या संघातला एक जण तुझ्या यष्टिरक्षकाला तोच शब्द बोलला. कप्तान पंचांकडे गेला. पंच म्हणाले, "अरे, खेळात चालतं, सोड." कप्तान म्हणाला, "सर, आमच्याकडे चालत होतं. आमचा एक खेळाडू गेला त्यात. याने शब्द मागे घेतल्याशिवाय आम्ही खेळत नाही." खेळ चार मिनिटं थांबला. शेवटी समोरच्याने शब्द मागे घेतला, तोंड वाकडं करून का होईना. तुझ्या नव्या गुणलेखकाने नव्या वहीत कारण लिहिलं, 'जलपान'. बिचारा.

मी कप्तानाला विचारलं, "सर काय म्हणाले?"

"काहीच नाही, आत्या. माइकजवळ उभे होते. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. नंतर गाडीत बसून राहिले बराच वेळ, सगळे गेले तरी."

तुझ्या बाजूची म्हणून ही एक गोष्ट मी लिहून ठेवते. तिचं काय करायचं ते मला कळत नाही.

पण ज्यासाठी एवढा खटाटोप केला त्याचं असं झालं की ना-हरकत पत्र मी तुझ्या मुलापुढे ठेवलं. त्याने ते वाचलं. "वैयक्तिक," म्हणाला. "बरोबर आहे. माझं नाही, त्यांचं वैयक्तिक आहे."

"अर्ज भर. आपण सोमवारी देऊन येऊ."

"बघू."

"त्या बाई रोज फोन करतात."

"हो ना. चांगल्या आहेत."

अर्ज टेबलावर आहे. सगळे रकाने मीच भरलेत, त्याची सही तेवढी राहिली आहे. तो येताजाता त्याच्याकडे बघतो, वर काही सांडू नये म्हणून उचलून बाजूला ठेवतो, सही करत नाही. मला वाटत होतं की तुझी सही आली की गाडं चालू लागेल. मी भलतीच गोष्ट मागत होते, एवढं आता कळलं. कुठली मागायला हवी होती ते कळत नाही.

ताई


मंगळवार, १८ मार्च

धाकट्या,

आता कळलं.

काल दुपारी मी फ्रीज बंद करून बर्फ काढत होते आणि तो खाली फरशी पुसत होता. तोंडासमोर तोंड नसलं की त्याला बोलता येतं, हे तुमच्या घरातलं आहे. मी म्हटलं, "सही का करत नाहीस, एवढं सांग. मग मी विचारणार नाही."

तो पुसता पुसता बोलला. मी आहे तसं लिहिते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी. सरावानंतर तू त्याला गाडीतून घरी नेत होतास. तलावाच्या चौकात सिग्नल लाल होता. तो म्हणाला, "बाबा, मी समलिंगी आहे. तुम्हाला बाहेरून कळायला नको म्हणून सांगतोय." तू स्टिअरिंग धरून समोर बघत होतास. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी तू गाडी हलवली नाहीस. मग पहिला गिअर टाकलास आणि म्हणालास, "मॅच झाल्यावर बोलू."

"मला बरं वाटलं, आत्या," तो म्हणाला. "ओरडले नाहीत. बोलू म्हणाले. मी तीन दिवस मनातल्या मनात त्यांची उत्तरं तयार करत होतो. वाईटात वाईट कुठलं, चांगल्यात चांगलं कुठलं."

आणि तीन दिवसांनी तू माइक हातात घेतलास.

तेव्हा तुला माहीत होतं. शब्दही आणि मुलगाही. मी ४ तारखेला तुझ्यासाठी बाकावर जागा करून ठेवली होती, ती परत घेते. तिथे मी एकटीच बसते.

मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर तरी राग येईल. हातात बर्फाचा तुकडा होता, तो वितळून कोपरापर्यंत पाणी आलं आणि मला ते फरशीवर टपकायला लागल्यावर समजलं. त्याने तेही पुसलं.

मी विचारलं, "मग आता त्यांच्याकडून काय हवंय तुला? माफी?"

"नाही."

"मग?"

"मॅच झाली ना. म्हणून थांबलोय."

एवढंच. तुझ्यावर तो रुसलेला नाही, धाकट्या. मला वाटत होतं तो खेळावर, क्लबवर, जगावर रुसलाय. तो नुसता थांबलाय. तू बोलू म्हणालास, आणि तू त्याला आयुष्यभर सांगितलंस की सराव चुकवायचा नाही, शब्द मोडायचा नाही, प्रशिक्षकाने थांब म्हटलं की थांबायचं. तुझं एवढं ऐकणारा दुसरा खेळाडू तुला मिळाला नसेल.

सामना ९ फेब्रुवारीला संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी संपला. आज सदतिसावा दिवस.

तू त्याला काय सांगणार होतास ते लिही. मला नको, त्याला लिही. मी पाकीट उघडणार नाही. गोड लिहायची गरज नाही. तुला कळत नाही असं असेल तर तसं लिही. तुला त्याची लाज वाटली असेल तर तेही लिही, त्याने त्याहून वाईट उत्तरं तयार ठेवली आहेत. आणि गाडीत एकटा बसून राहिलास त्या वेळी तुझ्या मनात जे काही होतं ते चांगलं असेल, तर देवाशपथ, या एका वेळी ते आपल्याजवळ ठेवू नकोस. फक्त विनोद करू नकोस.

कागदावर, तुझ्या अक्षरात, खाली 'बाबा' अशी सही करून. त्याला सही करून अर्ज पोचवायला शुक्रवारचा दिवस लागेल. म्हणून तुझं लेखी उत्तर माझ्या दारात गुरुवार, २० मार्च, संध्याकाळी सात वाजण्याच्या आत आलं पाहिजे.

ताई